भिंतीच्या दोन बाजूंना दोन खड्डे

बार्लानं आवाजावरून ओळखलं की दोन खड्डे खणले जात आहेत.

एक कुदळ जवळून वाजत होती, भिंतीच्या अलीकडून. तो रिश, तिचा मुलगा. दुसरी जरा लांबून, भिंतीच्या पलीकडून. तो प्लाची, सुनेचा भाऊ. भिंत कमरेएवढी होती. दोन धर्मांच्या लोकांत झालेल्या मारामारीनंतर गावानं ती दफनभूमीच्या मधोमध घातली होती. अलीकडे प्रॉटेस्टंट मेलेले, पलीकडे कॅथलिक मेलेले. फेब्रुवारीत इथली माती लोखंडासारखी होते, म्हणून दोघांनीही कालपासून आपापल्या बाजूला पाइनच्या फांद्या जाळून ती मऊ करायला घेतली होती. जळक्या राळेचा वास स्वयंपाकघरापर्यंत येत होता.

खड्डे दोन आणि पोर एकच.

मग काहीतरी मोडल्याचा आवाज आला. मागोमाग प्लाचीची शिवी. नंतर बराच वेळ काहीच नाही. आणि मग एकच कुदळ वाजू लागली, पण लांबची. म्हणजे प्लाचीचा दांडा मोडला आणि रिशनं आपली कुदळ भिंतीवर ठेवून दिली. तोंडानं काही बोलला नसणार. पोर मेलेली जन्मली त्या दिवसापासून तो कुणाशीच धड बोलला नव्हता.

बार्ला हे सगळं उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. मान दफनभूमीकडे वळवून, डोळे उघडे ठेवून. कुणी रस्त्यानं गेलं तर त्याला वाटावं, म्हातारी बघते आहे.

बघत नव्हती. सप्टेंबरअखेरच्या मिखाएलच्या सणापासून तिच्या डोळ्यांवर दुधाची साय धरली होती. उजेड कळायचा, माणूस आडवा आला की सावली कळायची, बस. घरात तिला डोळे लागत नसत. कोठार, चूल, बाक, खुंटी सगळं हाताला पाठ होतं. कोठाराच्या किल्ल्या अजून तिच्याच कमरेला होत्या आणि त्या सोडायची तिची तयारी नव्हती. कुणाला सांगितलं नव्हतं. कुणाला कळलंही नव्हतं, असं ती धरून चालली होती.

आणि बार्लाच्या डोळ्यांवर तर सारं खोरं विसंबून होतं! हद्दीच्या दगडाच्या भांडणात तिनं सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष दिली होती. भाऊ मरेपर्यंत तिच्याशी बोलला नाही. तेव्हापासून लोक म्हणायचे: बार्लानं पाहिलं म्हणजे पाहिलं.

.

टेबल

दुपारी टेबलाभोवती अशी माणसं बसली, जी एरवी एका टेबलाशी बसलीच नसती.

एका टोकाला कॅप्युचिन पंथाचा कॅथलिक साधू, फादर चेलेस्तिनो. इटलीतल्या ब्रेशाकडचा माणूस, पाय थंडीनं फुटलेले, इथली भाषा बोलताना चढ चढल्यासारखा मधे मधे थांबायचा. बिशपनं त्याला या खोऱ्यात पाठवलं ते प्रॉटेस्टंटांना परत आणायला, आणि त्याच्या आधी कॅथलिकांना शिस्त लावायला. समोर लुझी, बार्लाचा दीर, प्रॉटेस्टंट चर्चच्या पंचांपैकी एक. मधे रिश. त्याच्या पलीकडे प्लाची, बोटांच्या नखांत माती. सून नेसा चुलीजवळ बाकावर, पोटावर हात धरून. बाळंतपणातून उठून, मेलेल्या पोरीला घेऊन घाटापलीकडच्या चॅपलला जाऊन आली होती, तिला सरळ बसवतही नव्हतं.

जवाचं सूप होतं, राईचा पाव होता, चीज होतं. लुझीनं वाळवलेल्या मांसाची थाळी फादरपुढे सरकवली.

"घ्या फादर. आमच्या गायीचं आहे."

"आज शुक्रवार. आम्हाला मांस चालत नाही."

"हो का? आमच्या गायीला वार कळत नाहीत."

"काका," रिश म्हणाला, "आज नको."

त्यानं सूपाची वाटी उचलली आणि टेबलावर न ठेवता आईच्या दोन्ही हातांत दिली. बार्लाला वाटलं, पाहुण्यांसमोर मान राखतो आहे.

फादर घसा साफ करत म्हणाला, "मी स्पष्ट बोलतो. घाटापलीकडच्या त्या चॅपलमध्ये मेलेली पोरं जिवंत होतात, बाप्तिस्मा घेतात आणि पुन्हा मरतात. दर महिन्याला. बिशप म्हणतात, पुरे झालं. गरम निखारे, मेणबत्त्या, वाऱ्यानं हललेलं पीस, याला आम्ही यापुढे देवाचं काम म्हणणार नाही. चॅपल सांभाळणाऱ्या त्या म्हातारीचा शब्द मला चालत नाही."

"आयला!" लुझी हसला. "म्हणजे आमचा पाळक शंभर वर्षं जे म्हणतोय तेच."

"तुमचा पाळक म्हणतो म्हणून खोटं ठरत नाही," फादर म्हणाला, आणि प्लाचीला सुद्धा हसू आवरलं नाही.

नेसा हसली नाही. "फादर, तिला बाप्तिस्मा मिळालाय. पाणी घातलंय. नाव ठेवलंय. आता तुम्ही ते काढून घेणार?"

"मी काढत नाही, पोरी. मी विचारतो. श्वास आला होता का? आला असेल तर ती माझी, म्हणजे चर्चची, आणि भिंतीपलीकडे पवित्र मातीत जाईल. आला नसेल तर नुसतं पाणी सांडलं."

"आला नसेल तर ती माझी," रिश म्हणाला. आवाज इतका हळू होता की सगळे थांबले. "माझ्या मुलीला पाण्याची गरज नाही. देवाला ती पोटात असल्यापासून ठाऊक आहे. माझ्या बापाच्या ओळीत जागा आहे. खड्डा तयार आहे."

"मुली आईच्या!" नेसा म्हणाली. "लग्नात ठरलंय. मुलगे बापाच्या धर्माचे, मुली आईच्या. दोन मुलगे दिले तुम्हाला. दोघांना तुमच्या चर्चात नेलंत, मी दारात उभी राहिले, काही बोलले का? पहिल्यांदा माझ्या वाट्याचं कुणी आलं होतं."

"ठरलं होतं ते जिवंत मुलींचं."

हे बोलल्यावर रिशनं आपलाच हात तोंडावर धरला. पण शब्द टेबलावर पडून गेला होता.

नेसा रडली नाही. "मग तुम्हीच सांगा. पाणी नाही मिळालं तर ती ना स्वर्गात, ना नरकात. काठावरच्या अंधारात. तिथं कुणी जात नाही, तिथून कुणी येत नाही. मी मेल्यावर तिला शोधायला कुठं जाऊ?"

"अशी जागाच नाही, नेसा. कुठल्याही पुस्तकात नाही."

"तुमच्या पुस्तकात नाही. माझ्या आईनं मला सांगितलीय ती."

बार्लाच्या हातातलं सूप निवलं होतं. तिलाही एकदा वाटलं होतं की रिश म्हणतो तसं असावं, अंधाराची जागा नसावी. रोज प्रार्थनेत ती तसंच म्हणायची. पण म्हणणं वेगळं आणि एखादीच्या तोंडावर म्हणणं वेगळं.

"एकेकानं सांगा," फादर म्हणाला. "जे पाहिलंत तेवढंच."

.

नेसाचं सांगणं

"त्या म्हातारीनं तिला फळीवर निजवलं, मरियेच्या मूर्तीसमोर. फळीखाली निखाऱ्यांचं घमेलं, दोन्ही अंगांना मेणबत्त्या. तिच्या गालांवर रंग आला, फादर. खरंच आला. मग म्हातारीनं हंसाच्या पोटाखालचं पीस काढलं, बारीक, आणि ओठांवर ठेवलं. म्हणाली, श्वास आला की हे हलतं, तेवढ्यात पाणी घालायचं. तेवढाच वेळ देव देतो."

"आणि हललं?"

"हललं."

"तुम्ही पाहिलंत?"

नेसा घुटमळली. चुलीतलं लाकूड तडकलं.

"मी डोळे मिटले होते. मला बघवेना. मी बघितलं असतं आणि ते हललं नसतं, तर? म्हणून मी सासूबाईंचा हात धरला आणि विचारलं, हललं का? त्या म्हणाल्या, हललं." मग जोरात म्हणाली, "त्यांनी पाहिलं!"

.

प्लाचीचं सांगणं

"मी तर बाहेर होतो. निखारे विझत आले म्हणून म्हातारीनं नवे आणायला पाठवलं. घमेलं घेऊन दारात आलो आणि ऐकलं, 'हललं!' माझ्या हातातून घमेलंच सुटलं. हे बघा, बूट जळालाय. अजून वास येतो."

"बूट लांब ठेव," लुझी म्हणाला. "आम्ही जेवतोय."

"कुणाचा आवाज होता?" फादरनं विचारलं.

"बार्लाबाईंचा. दुसऱ्या कुणाचा? खोऱ्यात ओळखू येतो."

"आणि ती म्हातारी? तिनं तरी पाहिलं?"

प्लाचीनं डोकं खाजवलं. "ती म्हणाली, मी पिसाकडे बघत नाही, साक्षीदाराच्या तोंडाकडे बघते. साक्षीदार बोलला की पाणी ओतायचं. तांब्या हातात धरून बार्लाबाईंकडेच बघत होती." मग दाजींकडे वळून म्हणाला, "दाजी, मी शपथेवर सांगतो, बाईंना आत यायचंच नव्हतं. दारातच उभ्या होत्या. मूर्तीपुढे जाणार नाही म्हणाल्या. म्हातारीनंच ओढून नेलं, साक्षीला दोन बायका लागतात म्हणून."

"म्हणजे पाहणारी एकच," फादर हळूच म्हणाला.

.

बार्लाचं सांगणं (हे कुणी ऐकलं नाही)

तिथं काय होतं? पिवळं होतं. पिवळ्यात आणखी पिवळं. मेणाचा वास, ओल्या लोकरीचा वास, आणि त्याच्या खाली एक वास, जो ओळखायला डोळे लागत नाहीत. तीन पोरं पुरलेल्या बाईला तो वास कळतो.

ती घाटापलीकडे गेली होती ते नेसासाठी. अंगावरून जात असलेल्या बाळंतिणीला नुसत्या भावाबरोबर खेचरावर कसं सोडायचं? रिशला तिनं सांगितलं होतं, मी तिच्याबरोबर जाते, मूर्तीबरोबर नाही.

मग हात. नेसाचा हात तिच्या हातात असा रुतला होता की हाडं वाजली. "हललं का?" नेसानं विचारलं. बार्लाला वाटलं, हिला दिसलंय. हिनं पाहिलंय आणि विश्वास बसत नाही म्हणून विचारतेय. कुठलीही बाई अशा वेळी काय म्हणेल?

"हललं," ती म्हणाली.

आणि पाणी पडल्याचा आवाज आला.

आता टेबलाशी बसून तिला कळत होतं की नेसाचे डोळे मिटलेले होते. प्लाची दाराबाहेर होता. म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत होती. आणि ती स्वतः…

त्या पिसाकडे कुणीच बघत नव्हतं. ते हललं असेलही. देवानं त्या पोरीला तेवढा एक श्वास दिलाही असेल, आणि तो चार माणसांच्या मधोमध कुणालाच न दिसता येऊन गेला असेल.

.

तीन बोटं

"मला चमत्कार नकोत," फादर म्हणाला. "मला साक्ष हवी. आणि बाई, तुमची साक्ष मला कुठल्याही कॅथलिक बाईपेक्षा जास्त चालेल. तुम्हाला ते पीस हलावं असं वाटायचं काही कारण नाही. बिशपपुढे मी हेच सांगेन. शपथ घ्याल?"

"घेणार नाही," लुझी म्हणाला.

"तुम्हाला विचारलं नाही."

"मी तिचा दीर आहे. वहिनी, ऐका. तुम्ही शपथेची तीन बोटं वर केलीत आणि 'पाहिलं' म्हणालात, की चॅपल खरं, मूर्ती खरी, म्हातारीचा तांब्या खरा. मग ईस्टरला प्रभुभोजनाच्या टेबलाशी तुम्हाला जागा नाही. मी पंचांत बसतो, मलाच तुमचं नाव घ्यावं लागेल. घ्यायला लावू नका." त्याचा आवाज फाटला. "माझ्या भावाला, तुमच्या नवऱ्याला, त्या मारामारीत कॅथलिकांनी गवताच्या कोठारात जाळला. दार बाहेरून लावून. तुम्हीच तर मला सांगितलंत, किती वेळ ओरडत होता ते."

"भाऊजी, ते मी विसरले असं वाटतं तुम्हाला?"

"मग?"

बार्ला विचार करत होती की 'मला दिसत नाही' हे तीन शब्द किती सोपे आहेत. म्हटले की संपलं. कमरेच्या किल्ल्या जातील, जाऊ देत. खोटी साक्ष नको, पंच नकोत, ईस्टरला आपल्या बाकावर आपण. रिशला त्याची पोर मिळेल, बापाच्या ओळीत. खरं तेच बोललं जाईल. आणि बार्ला खरंच बोलते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

फक्त नेसा उरेल. चाळीस वर्षं, पन्नास वर्षं, जेवढी जगेल तेवढी, रोज चूल पेटवताना त्या अंधाराच्या काठावर उभी राहील.

कुणीतरी बाकावरून उठलं. सावली आडवी आली. रिश तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला होता. त्याच्या श्वासाला राखेचा वास होता.

"आई," तो म्हणाला. "तू पाहिलंस का?"

इतकंच. रागानं नाही. लहान असताना विचारायचा तसं: आई, लांडगा गेला का?

बार्लानं वाटी बाकावर ठेवली. हात चाचपडू नये म्हणून आधी मांडीला लावून मग वर नेला. अंगठा आणि दोन बोटं.

"पाहिलं," ती म्हणाली. "पीस हललं. एकदाच. पोरीनं श्वास घेतला आणि सोडला."

मग चुलीजवळून आवाज आला, रडण्याचा नव्हे, दीर्घ श्वास सुटल्याचा. इतके दिवस धरून ठेवलेला.

लुझी उठला. "देव तुम्हाला क्षमा करो, वहिनी. पंच करणार नाहीत." टोपी शोधायला त्याला बराच वेळ लागला. टोपी त्याच्या डोक्यावरच होती. प्लाचीनं सांगितलं नाही.

रिश अजून गुडघ्यांवर होता. "झालं," तो फादरला म्हणाला. "आईनं पाहिलं म्हणजे पाहिलं. पेटी गोठ्यात आहे. मी आणतो."

"तुम्ही नाही आणलीत तरी चालेल, दाजी."

"पेटी मी केलीय. मीच आणणार."

.

पायरी

बार्ला कॅथलिक विधीला उभी राहू शकत नव्हती, आणि आता आपल्या लोकांतही तिला उभं राहता येणार नव्हतं. म्हणून ती भिंतीशी उभी राहिली, दोन्ही तळवे दगडावर टेकून.

फादरची लॅटिन पलीकडून ऐकू येत होती. ती भाषा तो अडखळत बोलत नव्हता. मधे एक नाव आलं आणि बार्लानं मान वर केली. चॅपलमध्ये म्हातारीनं घाईघाईत विचारलं होतं, नाव काय, नाव काय, आणि नेसाच्या तोंडून पहिलं आलं ते सासूचं.

बार्ला. बार्ला नावाची कुणीतरी भिंतीपलीकडे जात होती.

माती पेटीवर पडली. आधी एकच मूठ. मग प्लाचीचं फावडं.

थोड्या वेळानं अलीकडूनही तोच आवाज यायला लागला. आधी तिला कळेना. मग कळलं. रिश आपला खड्डा बुजवत होता. रिकामा खड्डा. भरभर नाही, नीट, थर दाबत, जसं आत कुणी निजलं असावं आणि माती तोंडावर पडू नये अशी काळजी घ्यावी.

दोन्ही बाजूंची फावडी एकदमच थांबली.

लोक पांगले. नेसा भावाच्या खांद्यावर हात टाकून गेली. जाताना भिंतीपाशी थांबली, बार्लाचा तळवा दगडावरून उचलून आपल्या गालाला लावला, पुन्हा दगडावर ठेवला. "सासूबाई, सूप गरम करून ठेवते," एवढंच म्हणाली.

मग रिश आला. त्यानं आईचा कोपर धरला. दफनभूमीतून घराकडे उतरायला दगडी पायऱ्या आहेत, बर्फानं गुळगुळीत झालेल्या. त्या जन्मभर उतरलेल्या बाईचा कुणी हात धरत नाही.

"पायरी आहे, आई," तो म्हणाला. "जरा खोल आहे."

बार्ला थांबली. वारा सुटला होता. घराच्या धुराड्यातून धूर खाली येत होता, त्याचा वास येत होता.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"मिखाएलच्या सणापासून. अंगणात तू मला प्लाची म्हणून हाक मारलीस. मी काही बोललो नव्हतो म्हणून आवाजावरून कळलं नाही तुला."

"मग आज सगळ्यांसमोर विचारलंस कशाला?"

तिला त्याचा हात कोपरावर घट्ट झालेला कळला, मग सैल झालेला.

"नेसाला ऐकायचं होतं," तो म्हणाला.

कमरेच्या किल्ल्या तिनं सोडवल्या आणि चाचपडत त्याच्या हातात दिल्या. त्यानं त्या घेतल्या, आणि परत तिच्या कमरेला अडकवल्या.

"पायरी," तो म्हणाला. "अजून एक आहे."